ध्वनी-चित्र यंत्रणेच्या कामांसाठी आराखडे आणि नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

शहापूरकर

नमस्कार. बेळगावात आमचा ध्वनी-चित्र यंत्रणा बसवून देण्याचा व्यवसाय आहे आणि माझ्यासह आम्ही सहा जण आहोत. महाविद्यालयांची सभागृहे, पतसंस्थांच्या बैठकीच्या खोल्या, मंगल कार्यालये आणि अलीकडे उद्यमबागेतील एकदोन कारखान्यांची प्रशिक्षण दालने अशी कामे आम्ही करतो. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत आमची माणसे जातात. कोटेशन मी स्वतः एक्सेलमध्ये करतो, नकाशे बाहेरचा एक ड्राफ्ट्समन ऑटोकॅडमध्ये काढून देतो आणि काम झाल्यावर ग्राहकाला एक पीडीएफ दिली जाते, जी प्रत्यक्ष कामाशी किती जुळते हे आम्हालाच सांगता येत नाही.

गेल्या वर्षीच्या एका प्रसंगामुळे हा प्रश्न विचारत आहे. एका महाविद्यालयाच्या सभागृहात विश्वस्तांच्या सांगण्यावरून प्रोजेक्टर मधल्या तुळईवरून मागच्या सज्जाखाली नेला. ड्राफ्ट्समनने नकाशा बदलला, पण माझ्या एक्सेलमध्ये १५ मीटरची तयार एचडीएमआय केबल तशीच राहिली. प्रत्यक्ष अंतर ३४ मीटर भरले हे गिलावा झाल्यावर कळले. भिंतीत २० मिलिमीटरचा पाइप होता आणि त्यातून एचडीएमआयचे तोंडच जात नव्हते. शेवटी कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून दोन्ही टोकांना एचडीबेसटीचे (तिच्यावरून लांबवर चित्र-ध्वनी नेणाऱ्या पद्धतीचे) सिग्नल पाठवणारे व घेणारे संच बसवले, अर्थातच आमच्या पदरच्या पैशांनी. चूक कोणा एकाची नव्हती, बदल एका कागदावरून दुसऱ्यावर गेलाच नाही. डी-टूल्स, स्टारड्रॉ, एक्सटेन-एव्ही अशी नावे ऐकली आहेत. आमच्याएवढ्या व्यवसायाने यांपैकी काही घ्यावे, की ऑटोकॅड स्वतः शिकून घ्यावे?

निपाणीचा ड्राफ्ट्समन

आपला प्रसंग वाचून हसू आले नाही, कारण तो आमच्याकडेही घडून गेला आहे. फरक इतकाच की आमच्याकडे पाइपच नव्हता.

आपल्या उदाहरणात नकाशा चांगला की वाईट हा मुद्दाच नव्हता. प्रोजेक्टर हलवल्याबरोबर केबलची लांबी, तिचा प्रकार, कोटेशनमधील ओळ आणि केबलवरची चिठ्ठी या चारही गोष्टी एकाच ठिकाणच्या नोंदीतून बदलायला हव्या होत्या. म्हणून मी सॉफ्टवेअर पाहताना विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगतो: एक उपकरण बदला आणि मला केबल यादी व किंमत पुन्हा काढून द्या. रंगीत त्रिमिती चित्र दाखवणारे अनेक जण या एका मागणीला अडखळतात.

डी-टूल्स ही १९९८पासूनची अमेरिकन कंपनी आहे. तिचे सिस्टीम इंटिग्रेटर हे उत्पादन व्हिजिओ (मायक्रोसॉफ्टचे आकृती काढायचे सॉफ्टवेअर) आणि ऑटोकॅडला जोडून चालते, म्हणजे आकृती तुम्ही व्हिजिओत काढता आणि उपकरणांची नोंद मागच्या माहितीसाठ्यात राहते. क्लाउड ही त्यांची ब्राउझरमध्ये चालणारी वेगळी आवृत्ती आहे. स्टारड्रॉ ब्रिटिश आहे आणि विंडोजवर चालते. लाइन डायग्राम (जोडणीची आकृती), रॅकचे (उपकरणे बसवायच्या चौकटीचे) चित्र आणि मजल्याचा नकाशा या तिन्हींत तेच उपकरण वापरता येते, शिवाय उत्पादकांच्या उपकरणांची तयार चिन्हे मिळतात. एक्सटेन-एव्ही ब्राउझरमध्ये चालते. आपल्या ड्राफ्ट्समनला ऑटोकॅड सोडायचे नसेल, तर त्याला चिन्हांमध्ये ‘ॲट्रिब्यूट’ (चिन्हाला जोडून ठेवायची माहिती) भरायला सांगा. पूर्ण ऑटोकॅडमधून ती माहिती थेट एक्सेल तक्त्यात काढता येते. ऑटोकॅडची एलटी ही कमी सोयींची आवृत्ती स्वस्त पडते, पण तिच्यात माहिती काढण्याची ही सोय नाही, हे खरेदीच्या आधी लक्षात घ्यावे. वास्तुविशारद डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या स्वरूपातली फाइल पाठवतात, त्यामुळे ती उघडता येणे आणि त्याच स्वरूपात परत देता येणे ही आपल्या भागातली किमान अट आहे. लिब्रेकॅड हे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते डीडब्ल्यूजीऐवजी डीएक्सएफ या दुसऱ्या स्वरूपात जतन करते.

केबल यादीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळे त्यातच आहे. प्रत्येक केबलला एक क्रमांक, कुठल्या उपकरणाच्या कुठल्या पोर्टातून निघते, कुठल्या उपकरणाच्या कुठल्या पोर्टात जाते, प्रकार, मोजलेली लांबी, पाइपचा व्यास आणि नकाशाचे पान, एवढे रकाने हवेत. पाइपच्या व्यासाचा रकाना आपल्याकडे असता, तर ३४ मीटरचा घोळ गवंडी येण्याआधीच दिसला असता. चिठ्ठ्यांसाठी अविक्सा या ध्वनी-चित्र उद्योगाच्या संघटनेचे एफ ५०१.०१:२०१५ हे मानक आहे. त्याचा गाभा असा की केबलच्या दोन्ही टोकांना तीच ओळख असावी आणि ती नकाशातल्या ओळखीशी जुळावी. नकाशातल्या चिन्हांसाठी जे-एसटीडी-७१० हे मानक आहे. आपण ते जसेच्या तसे पाळा असे म्हणत नाही, पण दरवेळी ड्राफ्ट्समनच्या मनाला येईल ते चिन्ह वापरण्यापेक्षा ते बरे.

हिशेबनीस, टिळकवाडी

मी तंत्रज्ञ नाही, अशाच एका व्यवसायाचे हिशेब पाहतो. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये कोटेशन करण्यापूर्वी कराची रचना तपासून घ्या. कर्नाटकातल्याच खानापूरच्या कामावर आपल्याला ९ टक्के केंद्रीय आणि ९ टक्के राज्य जीएसटी लावावा लागतो. गडहिंग्लजच्या सभागृहातील पक्क्या बसवणीच्या कामात मालमत्ता महाराष्ट्रात असल्यामुळे त्याच १८ टक्क्यांचा आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) होतो. एका गिऱ्हाइकासाठी एकच करदर धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागणी हाताने करत बसावी लागते. ३२ इंचांहून मोठे टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झाला, तरी सॉफ्टवेअरच्या जुन्या माहितीसाठ्यातल्या वस्तूंना २८ टक्के चिकटलेले मी या दिवाळीनंतरही पाहिले आहेत.

वर्गणी डॉलरमध्ये असेल, तर परदेशातून घेतलेल्या सेवेवर आपल्यालाच उलट आकारणीने (विक्रेत्याऐवजी घेणाऱ्याने) आयजीएसटी भरावा लागतो. तो वजावटीत मिळतो, पण विवरणपत्रात दाखवायचा राहून गेला की नोटीस येते. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे ग्राहकयादीत शहराचे नाव एकाच पद्धतीने लिहा. २०१४मध्ये नाव बदलल्यापासून आमच्या यादीत एकच संस्था ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ अशा दोन नोंदींत बसली होती आणि तिचे येणे अर्धे अर्धे दिसत होते.

एक्सेलवाला

माझे मत थोडे वेगळे आहे. सहा माणसांच्या व्यवसायात वर्षाला जी दहा-पंधरा कामे होतात, त्यांत निम्मी मंगल कार्यालये असतील. अशा ठिकाणी ६ वॅटचे २४ स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनवर (एकाच तारेवर अनेक स्पीकर चालवायच्या पद्धतीने) लावले की १४४ वॅट होतात, २० टक्के शिल्लक धरली की १७३, आणि आपण २४० वॅटचा ॲम्प्लिफायर लावून मोकळे होतो. यासाठी माहितीसाठ्याशी जोडलेले महागडे सॉफ्टवेअर मला अनाठायी वाटते. ड्रॉ-आयओ हे आकृती काढायचे सॉफ्टवेअर फुकट आहे, फाइल आपल्याच संगणकावर राहते, आणि केबल यादी एक्सेलमध्ये ठेवून कोटेशनच्या ओळी त्याच यादीतून सूत्राने उचलता येतात. मी चार वर्षे असेच करतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हे सगळे माझ्या एकट्याच्या डोक्यात आणि माझ्या एकट्याच्या फाइलमध्ये आहे. मी आठ दिवस गावी गेलो, तर कोणालाच नवी आवृत्ती कुठली ते कळत नाही.

खानापूरचा वायरमन

वर सर्वांनी कार्यालयातून विचार केला आहे, म्हणून रॅकच्या मागच्या बाजूचे लिहितो. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या असतात. एका मंगल कार्यालयात पूर्वीच्या ठेकेदाराने कागदी पट्टीवर बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा निळी शाई पसरून सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसत होत्या आणि निम्म्या खाली गळून पडल्या होत्या. २२ केबल एकेक करून टोनर (तारेत आवाजाचा सिग्नल सोडून ती ओळखायचे यंत्र) लावून शोधल्या, त्यात पूर्ण दिवस गेला. सॉफ्टवेअर कुठलेही घ्या, पण त्याची केबल यादी लेबल छापण्याच्या यंत्राला थेट देता येते का, हे नक्की पाहा. नाहीतर कार्यालयातली यादी सुंदर राहते आणि रॅकवर पुन्हा हाताने लिहिले जाते.

दुसरे भाषेचे. आमच्यातले दोघे मराठी वाचतात, एक जण कन्नडच वाचतो, आणि ग्राहकाचा देखभाल करणारा माणूसही बहुधा कन्नडच वाचतो. त्यामुळे चिठ्ठीवर शब्द लिहू नयेत, ‘के-११४’सारखा क्रमांकच असावा आणि त्याचा अर्थ रॅकच्या दाराच्या आतल्या कागदावर दोन्ही भाषांत द्यावा. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स प्रकारच्या फाँटमध्ये देवनागरी किंवा कन्नड नसते, तिथे प्रश्नचिन्हे किंवा चौकोन येतात. निर्मला यूआयसारखा ट्रूटाइप फाँट घेऊन दोन्ही भाषांतली जोडाक्षरे छापून पाहावीत आणि मगच ड्राफ्ट्समनला पुढे जाऊ द्यावे. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला कन्नड मजकूर तसाच चिकटवला, तर तो वाचता येत नाही.

शहापूरकर

सर्वांचे आभार. निपाणीच्या मित्रांची परीक्षा आणि खानापूरच्या मित्रांचा लेबलांचा मुद्दा या दोन कसोट्यांवर मी तिन्ही सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती पाहणार आहे. त्यासाठी नवीन काम न घेता त्याच महाविद्यालयाचे सभागृह पुन्हा भरणार आहे, कारण त्याचे खरे उत्तर मला आता माहीत आहे. प्रोजेक्टर तुळईवरून सज्जाखाली नेल्यावर ज्या सॉफ्टवेअरमध्ये १५ मीटरची केबल कोटेशनमध्ये तशीच राहील, ते बाद. कर मात्र आम्ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच लावू. आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधून केवळ नग आणि दर बाहेर काढू. तोपर्यंत एक्सेलच्या केबल यादीत पाइपच्या व्यासाचा रकाना आजच वाढवला आहे.

एक शंका राहते. साइटवर झालेला बदल नोंदवायची जबाबदारी कोणावर टाकावी? मुख्य तंत्रज्ञ सांगतो की त्याला वेळ नसतो, आणि कार्यालयात बसून मला तो बदल दिसत नाही.

खानापूरचा वायरमन

आमच्याकडे रॅकची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्याकडेच नकाशाची छापील प्रत आणि लाल पेन असते. संध्याकाळी तो त्या पानाचा फोटो पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्यालयाने फाइल दुरुस्त करायची. शेवटचे बिल त्या लाल खुणा फाइलमध्ये उतरल्याशिवाय काढायचे नाही, असे मालकांनीच ठरवल्यापासून फोटो वेळेवर येतात.