गावात नेट कोणतं घ्यावं, फायबर का छतावरचा डबा?

गेवराईकर:
आमचं गाव गेवराईहून आत हाय, आतापर्यंत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवलं पण आता पोरगी लातूरला क्लासला गेली, रोज व्हिडिओ कॉल, अन रात्री आठ वाजले की चित्र अडकतंय, आई म्हणते हिचं तोंड असं वाकडं का झालं. केबलवाला फायबर देतो म्हणतो, दुसरा म्हणतो छतावर 5जीचा डबा लावा. काय करू?

परभणीचा पाहुणा:
फायबर मिळत असंल तर डोळे झाकून घ्या. छतावरचा डबा पण मोबाईलसारखा टॉवरवरूनच नेट घेतो, अन टॉवरची स्पीड सगळ्या गावात वाटली जाते, म्हणून तर रात्री अडकतं. एचडी पिक्चरला 5 एमबीपीएस (नेटच्या स्पीडचं माप) लै झालं, त्याहून बारीक चित्राच्या 4के ला 15 धरा, 100 एमबीपीएसचा प्लॅन कशाला उगंच. फक्त लाइट गेली की राऊटर बंद, त्याच्यासाठी छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, येतो, अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या.

शूटिंगवाला:
डोळे झाकून नका घेऊ हो. आमच्याकडं वायर खांबावरून आणली अन उसाच्या ट्रॉलीनं तोडली, चार दिवस नेट नाही. तुटल्यावर कधी येतो ते आधी विचारा. बाकी व्हिडिओ आता स्वस्त झाला हे खरं, आधी आम्ही मिनी डीव्ही टेपवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटवर, लग्नं काढायचो, तासाची टेप म्हणजे 13 जीबी, कॉम्प्युटरात घ्यायला पण तासच, अन कॅमेऱ्याचं कर्ज वेगळं. आता नवरदेवाचा मेव्हणाच मोबाईलवर 4के काढतो, आमच्यासमोर उभा राहून.

गेवराईकर:
ट्रॉलीचं बरं सांगितलं, आमच्या गल्लीतूनच जातात. वायर उंचावरून न्यायला लावतो.