मुलगा १६ चा आहे, घरातलेच म्हणतात घोटभर दारू घेऊ दे, काय करू?

मदत हवी आहे. गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखतात. परवा रात्री मुलगा मित्राच्या बाईकवर मागे बसून आला, तोंडात दोन दोन च्युइंगम, तरी वास लपला नाही. मी ओरडले नाही, पाणी दिलं आणि झोप म्हटलं. सकाळी विचारलं तर म्हणतो काकांनीच दिली, "बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घे" म्हणाले. आता दीर मोठे, त्यांना तोंडावर कसं बोलू, आणि हे पण म्हणतात आम्ही त्याच वयात सुरू केली, काय झालं आम्हाला? पण मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते ना, आणि जितकी लवकर सुरुवात तितका व्यसनाचा धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मला सगळ्यात जास्त भीती गाडीची वाटते, रात्री रस्त्याला दिवे नाहीत, बस नाही. त्याला सांगितलंय कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. पण याचा अर्थ तो परवानगी असा घेईल का? आणि दिरांना न दुखावता कसं थांबवू? कोणी घरात हे निभावलं असेल तर प्लीज सांगा.