विषय: नाशिकच्या शेडमध्ये जुनी टू पोस्ट लिफ्ट, घ्यावी की नको?

नमस्कार मंडळी,

मिशिगन सोडून नाशिकला येऊन चार वर्षं होत आली तरी अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या या मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही, गणपतीच्या पॉटलकचे आणि "कुणी पुण्याहून येतंय का, आईच्या हातचं मेतकूट आणायचंय" वाले मेल अजून येतात आणि मी वाचतोही. आज माझंच काम आहे.

बाबांची प्रीमियर पद्मिनी मखमलाबादच्या मळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे, म्हणजे नुसती उभीच आहे. ती चालू करायचीय. जॅक लावून खाली झोपायचं वय आता राहिलं नाही, पाठ बोलायला लागते. अंबडला एक गॅरेज बंद होतंय, त्यांच्याकडे ४ टनी टू पोस्ट लिफ्ट आहे, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी वर उचलणारी, थ्री फेज विजेवर चालणारी, नव्याच्या निम्म्याहून कमी भावात देतायत. पद्मिनी टनाच्या आतलीच, त्यामुळे वजनाची काळजी नाही. शेडमध्ये बीमच्या खाली १० फूट ८ इंच मिळतात. तुमच्यातल्या दोघातिघांच्या गॅरेजमध्ये लिफ्ट आहे हे माहितीय (एकीच्या खाली पावसाळी पिकनिकचं जेवण झालं होतं, मी होतो). काय बघू?

— तुमचा नाशिककर

---

अरे नाशिककरा,

पद्मिनी अजून आहे हे वाचूनच बरं वाटलं. आता ऐक. जुनी लिफ्ट बघायला जाशील तेव्हा ती सुटी करून ठेवलेली असेल तर परत फिर, उभी आणि चालू असतानाच बघ, आणि त्यावर गाडी चढवायला लाव. वर जाताना दोन्ही खांबांतल्या कुत्र्यांचा, म्हणजे सेफ्टी लॉकचा, टक आवाज एकदम आला पाहिजे. एक आधी आणि एक मागून येत असेल तर दोन्ही बाजू बरोबर उचलणारी बॅलन्सची वायर रोप ढिली झालीय. ती रोप जाड हातमोजा घालून चाचपून बघ, तुटलेली तार मोज्यात अडकते. सिलिंडरच्या रॉडवर गंजाचे खड्डे दिसले तर सील कितीही बदल, गळणारच. गाडीखाली जाणारे आर्म जिथे पिनवर फिरतात तिथली वेल्डिंग कापडाने पुसून टॉर्च मारून बघ, क्रॅक रंगाखाली लपतो, आणि नवीनच रंग मारलेला असेल तर मी जास्त संशय घेईन. गाडी वर ठेवून चहा प्यायला जा. अर्ध्या तासात आर्म खाली उतरले तर हायड्रॉलिकमध्ये गडबड आहे.

नेमप्लेट हवीच. मॉडेल नंबरवरून कंपनीकडून खांब जमिनीत धरणाऱ्या बोल्टचं ड्रॉइंग मिळतं, प्लेट नसेल तर कितीही स्वस्त असली तरी नको.

आणि तुझ्या शेडच्या उंचीचं गणित तूच कर. वरून आडवा बीम असलेल्या लिफ्टला साधारण १२ फूट लागतात, तुला वर बीम नसलेली, खालून प्लेट असलेलीच बसेल.

— डेट्रॉईटचे काका

---

काकांनी मशीनचं सांगितलं, मी जमिनीचं सांगते, कारण पडते ती लिफ्ट नाही, उखडतात ते बोल्ट.

दादा, मखमलाबादची जमीन म्हणजे काळी माती ना? ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यावर ओतलेली ४ इंची फरशी दोन वर्षांत तिरकी होईल आणि खांब ओळंब्यात राहणार नाहीत. इथे अमेरिकेत बऱ्याच कंपन्या ४ इंच काँक्रीट आणि ३००० पीएसआय ताकद चालेल म्हणतात, पण ते चांगल्या दाबलेल्या जमिनीवर. तुम्ही काळी माती उचलून मुरूम लागेपर्यंत खणा, दगडी सोलिंग करा, रोलर नाही तर धुम्मस मारून घट्ट करा, त्यावर पीसीसी, म्हणजे सळईविना काँक्रीटचा थर, आणि मग ८ इंच एम२५ काँक्रीट. त्यात वर-खाली सळईच्या दोन जाळ्या. बोल्ट कुठे येणार हे सळई बांधतानाच खुणा करून ठेवा, नाही तर ड्रिल नेमकं सळईवर जाऊन बसतं आणि मग भोक सरकवायचा मोह होतो. २८ दिवस पूर्ण होईपर्यंत बोल्ट कसायचे नाहीत. जुन्या लिफ्टबरोबर जुने अँकर बोल्ट फुकट देतील, ते भंगारात घाला, एकदा भोकात फुललेला अँकर दुसऱ्यांदा धरत नाही.

— न्यू जर्सीची ताई (होय, सिव्हिलवाली)

---

इथूनच एक चांगली कंटेनरमध्ये टाकून पाठवली तर? माझ्या शेजाऱ्याची विकायला आहे.

— बोस्टनकर

---

बोस्टनकर, शेजाऱ्याला राहू दे. तिची मोटर ६० हर्ट्झची, नाशिकला वीज ५० ची, हळू फिरेल आणि तापेल. वर भाडं, कस्टम, आणि सुटा भाग लागला की परत आपल्यालाच मेल.

— काका

---

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय, रागावू नका.

लिफ्ट घेतली. काकांचा चहावाला प्रयोग केला, मालक हसला पण गाडी हलली नाही. वायर रोप मात्र दोन्ही बदलल्या, मोज्यात तार अडकलीच. होजही नवीन घातले.

ताई, साडेतीन फुटांवर मुरूम लागला. गवंडी म्हणत होता "साहेब एवढं तर दुमजली घराला करतो", मी म्हटलं कर. त्याने गोणपाट टाकून पाणी मारलं, आणि एकदा मी सकाळी लवकर गेलो तर गोणपाट कोरडं ठणठणीत, मग पुढचे दिवस आईच नळी धरून उभी. लिफ्ट आणण्यापेक्षा जमिनीला जास्त खर्च आला, हे बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही. खांब उभे केल्यावर ओळंबा सोडला तर एका बाजूला ४ मिलिमीटरचा फरक, प्लेटखाली शिम, म्हणजे पातळ पट्टी, सरकवून काढला. भोकं पाडून झाल्यावर आतली धूळ सायकलच्या पंपाने उडवली, दोन भोकांत तरीही बोल्ट गरगर फिरत राहिला, तेव्हा समजलं की धूळ राहिली होती, परत साफ केली.

मग बटण दाबलं आणि मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण आर्म काही हलेनात. तेल भरलेलं, व्हॉल्व्ह बंद. मी तर पंप गेला म्हणून डोक्याला हात लावून बसलो. शेजारच्या मळ्यातला द्राक्षवाला आला, त्याच्या विहिरीच्या मोटरीचं काम करणारा वायरमन सोबत होता, त्याने एकदा बघितलं आणि तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या. फेज उलटे होते, पंप उलटा फिरत होता. वर म्हणाला, "फेज गेला की मोटर जळते, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर टाका, आम्ही विहिरीला तोच टाकतो." टाकला.

काल पद्मिनी वर गेली. फूटभर उचलून थांबवली, हाताने हलवून बघितली, मग वर घेतली, आणि शेवटी लॉकवर खाली बसवली, तेलाच्या भरवशावर नाही. माझी उंची ५ फूट ७, इंजिनचा चेंबर डोक्याला घासतो की नाही एवढीच जागा मिळाली. आर्म लावायच्या आधी दाराखालच्या डाव्या सिलवर बोटाने दाबलं तर पत्र्यातून बोट आरपार गेलं. त्या बाजूचा आर्मचा पॅड मग पुढे, जिथे पत्रा शाबूत आहे तिथे सरकवला. म्हणजे पहिलं काम इंजिनचं नाहीच, वेल्डिंगचं.

आई खुर्ची टाकून बघत बसली होती. बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, "आणि आता खाली कशी येणार?"

म्हटलं, आधी थोडी वर, लॉक सुटेपर्यंत.

— नाशिककर