काताला चिनी लोक औषध मानतात, आपण पानात घालून थुंकतो

तांबडी_माती
चिनी वैद्यकातल्या तुरट, बाहेरून लावायच्या औषधांबद्दल वाचत होतो. त्यात 'अर् छा' भेटलं. अर् म्हणजे बाळ, छा म्हणजे चहा. झाड कुठलं ते बघितलं तर आपला खैर! म्हणजे अर् छा हा चक्क कात. चीनच्या युन्नान प्रांताच्या दक्षिण भागात, शीश्वांगबान्नात हिवाळ्यात खैर तोडतात, साल काढतात, तुकडे उकळून पाणी आटवतात. आमच्या चिपळूण-सावर्ड्याकडच्या भट्ट्यांवर याहून वेगळं काय होतं?

फरक पुढे आहे. ते ही पूड चिघळलेल्या जखमेवर, रक्त येणाऱ्या हिरड्यांवर, तोंड आल्यावर लावतात. कामही तीन शब्दांत सांगतात: ओल शोषणे, व्रण आवळणे, मांस भरून आणणे. आणि आपण? पानाची टपरी, गुटख्याची पुडी, जिन्याचा कोपरा. माझी आजी तोंड आलं की ओल्या बोटावर कात घेऊन जिभेवर फिरवायची. जीभ अशी आक्रसायची की पाच मिनिटं बोबडं बोलायचो, पण मग आमटी झोंबत नसे. चिन्यांनी या मालाची किंमत ओळखली, आपण नाही. घरातल्या औषधांच्या डब्यात कात परत यायला हवा असं माझं मत.

उगाच_वैद्य
असहमत. खदिरादि वटी (खदिर म्हणजेच खैर) तोंडासाठी आणि खदिरारिष्ट त्वचेसाठी, ही काय चीनमधून आली? दुकानात आजही मिळतात. चिन्यांनी 'ओळखली' म्हणता, तर चिनी वैद्य ली शिझेन यांचा १५९६ साली छापलेला औषधीकोश बघा. त्यात कात जावा, सयाम, लाओसकडून येतो असं आहे, इथवर ठीक. पण तो बनतो कसा, तर चहाची बारीक भुकटी बांबूच्या नळीत भरून, तोंडं बंद करून, चिखलाच्या गटारात पुरायची. बऱ्याच दिवसांनी काढून, कुटून, रस आटवायचा! खैराचं नाव नाही. एवढ्या मोठ्या माणसाला व्यापाऱ्यांनी गुंडाळलं. युरोपवाले तर काताला 'जपानची माती' म्हणत. तो माती नव्हता, जपानचाही नव्हता.

तांबडी_माती
झाड चुकलं म्हणून गुण चुकत नाही. उलट मूळ माहीत नसताना गुण बरोबर पकडला, हे मला जास्त भारी वाटतं. बाकी वटीचा मुद्दा मान्य. पण ती चघळायची, मी लावण्याबद्दल बोलतोय.

पांढरा_एप्रन
फार्मसीत शिकवतो, म्हणून राहवत नाही.

तुरट लागणं म्हणजे टॅनिन या वनस्पतींतल्या तुरट द्रव्याने प्रथिनं धरून ठेवणं. आजीच्या काताने जीभ आक्रसली ती यामुळेच. व्रणावर पातळ पापुद्रा धरतो, झोंबणं थांबतं. तुरटी लावल्यावर दाढी करताना कापल्याचं रक्त थांबतं, तिथेही प्रथिनंच आवळतात. याला 'मांस भरणं' म्हणायचं की 'झाकण बसणं', हा खरा प्रश्न. मी झाकण म्हणेन.

आणि झाकण नेहमी भलं करतं असं नाही. १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जागेवर टॅनिक ॲसिड लावण्याची पद्धत आणली. वरची कातडी चामड्यासारखी टणक व्हायची, डॉक्टर खूश. पुढची पंधरा-वीस वर्षं जगभर तेच चाललं. मग कळलं की ते अंगात शोषलं जाऊन यकृत बिघडवतं, आणि पद्धत बंद पडली. कात म्हणजे टॅनिक ॲसिड नव्हे, हे मलाही कळतं. पण 'तुरट आहे, लावायला काय हरकत' या वाक्याची मला त्यामुळे भीती वाटते.

शिवाय चिनी लोक तरी नुसता कात कुठे वापरतात? मुका मार आणि जखमांसाठीचं त्यांचं छी-ली-सान घ्या. कातासोबत करडईची फुलं, कुंदर (सालईच्या जातीच्या झाडाचा डिंक), हिराबोळ, कस्तुरी, बोर्निओचा कापूर, आणि हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. तेही डब्यात आणायचं का?

तांबडी_माती
हिंगूळ कुणी मागितलाय! भाजलेलं अर्धं अंग आणि जिभेवरचा मुगाएवढा व्रण यांना एका तागडीत घालू नका, सर.

डोंगरवाट
अवांतर वाटेल, पण कात म्हणताय तो आणणार कुठून? ज्यांचं नावच काताच्या धंद्यावरून पडलं त्या कातकऱ्यांच्या हातात आज ना खैर ना भट्टी. बहुतेक जण वीटभट्टीवर मजुरीला. आणि खैराची चोरटी तोड कोकणात कुणापासून लपली आहे? मागणी वाढवण्याआधी याचा विचार व्हावा.

पांढरा_एप्रन
यातच माझा शेवटचा मुद्दा येतो. बाजारात इंडोनेशियाचा गंबीरही कात म्हणून खपतो. ते झाडच वेगळं. आमच्याकडे मुलांना एक परीक्षा करायला देतो: आगपेटीची काडी काताच्या पाण्यात बुडवायची, वाळवायची, हायड्रोक्लोरिक आम्लात घालून ज्योतीजवळ धरायची. काडी गडद लाल होते. मुलं खूश होतात. पण खैर असो वा गंबीर, काडी लालच होते, कारण कॅटेचिन हे द्रव्य दोन्हींत आहे. आजीच्या डब्यात नक्की काय होतं, सांगता येईल?

तांबडी_माती
आजीचा कात सावर्ड्याच्या भट्टीवरचा होता, ते मी बघितलंय. आता फ्लॅटखालच्या टपरीवरून आणतो त्याचं मात्र काही सांगता येणार नाही. तो जिभेला तेवढा आवळतही नाही.