मार्टी फ्रीडमनचा सोलो ८५ टक्के वेगाला अडतो, शिवाय जॅमरूममध्ये टोन गायब

दादरचा_डिस्टॉर्शन
मेगाडेथ या मेटल बँडच्या 'रस्ट इन पीस' अल्बममधला (१९९०) 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' गाण्याचा सोलो गिटारवर बसवतोय, त्यांचा तेव्हाचा गिटारिस्ट मार्टी फ्रीडमनचा. ७० टक्के वेगाला स्वच्छ येतो. ८५ च्या पुढे तार बदलताना पिक अडकतं आणि स्वीपमधले (एकाच झटक्यात पिक लागोपाठच्या तारांवरून फिरवायचं) सूर एकमेकांत मिसळतात. दुसरी भानगड टोनची. ब्रिजला हंबकर पिकअप, पुढे ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉपवर अँप सिम (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). घरी हेडफोनवर झकास वाटतं, पण अंधेरीच्या जॅमरूममध्ये ड्रम सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही. गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवून झाला, फरक शून्य. बिल्डिंग जुनी, रात्री दहानंतर अँप लावायची सोय नाही.

उलटा_स्ट्रोक
मेट्रोनोम चारचार बीपीएमने (मिनिटाला ठोके) वर नेत बसू नकोस, इथे त्याने काही होणार नाही. घोळ पिकच्या दिशेचा आहे. तारेवर तीन सूर आणि आल्टरनेट पिकिंग (पिक एकदा खाली, एकदा वर) म्हणजे एका तारेवरून तू डाउनस्ट्रोकने सुटतोस, पुढचीवरून अपस्ट्रोकने. पिक जमिनीकडे झुकवून धरत असशील तर अपस्ट्रोकनंतर ते तारांच्या वर निघतं, डाउनस्ट्रोकनंतर मात्र दोन तारांच्या मध्ये रुततं. हळू वाजवताना मनगट उचलून निभावून नेता येतं, वेगात नाही.

म्हणून तीनपैकी दोनच सूर पिक कर, तिसरा हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफने घे (पिक न मारता, फ्रेटवरचं बोट आपटून किंवा ओढून). मग प्रत्येक तार अपस्ट्रोकवरच सुटते. मग सहा सुरांचा तुकडा पूर्ण वेगात वाजव, पुढच्या ठोक्याच्या सुरावर थांब, हात सैल सोड. तो बसला की त्याच थांब्यापासून पुढचा तुकडा जोड. १२० बीपीएमला सेक्स्टुप्लेट (एका ठोक्यात सहा सूर) म्हणजे सेकंदाला १२ सूर. तिथे एकेका सुराचा विचार करायला वेळच नसतो.

स्वीप मिसळतोय कारण बोटं दाबलेलीच राहतात. सूर वाजला की दाब काढ, बोट मात्र तारेवरच ठेव. शेजारच्या दोन तारा एकाच फ्रेटवर असतील तर बोट टोकाकडून पेराकडे लोळव. नटजवळ (मानेच्या टोकाला) कापड बांधत असशील तर सरावात काढून टाक, नाहीतर म्यूटिंग (नको त्या तारा गप्प ठेवणं) कच्चं आहे हे कळणारच नाही.

मिड्स_वाढवा
गेन आधी कमी करा राव! रेकॉर्डवर रिदम गिटार एकावर एक थर चढवून वाजवलेली असते, जाडी तिथून येते. एकट्या गिटारवर गेन चढवला की सगळं दबून सपाट होतं आणि पिकचा ठोसा जातो. त्यात हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी लागतात, म्हणून घरी आपण ते वाढवतो, मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) कापतो. जॅमरूममध्ये बेस गिटार खालची जागा खाते, झांजा वरची, आणि तुमच्याकडे उरतं काय?

इथून सुरू करा: गेन ५, बेस ४, मिड ७, ट्रेबल ५. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल), ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तो बेस कापून ७०० हर्ट्झच्या आसपास उभार देतो, पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेले सूर) घट्ट होतात. सोलोसाठी गेनला हात लावू नका. अँपनंतर ३ डेसिबल बूस्ट आणि ४०० मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी), मिक्स १५ टक्के, पुरे.

जॅमरूमच्या अँपच्या रिटर्नमध्ये (इफेक्ट्स लूपचं इनपुट) जोडत असाल तर कॅब सिम (स्पीकर कॅबिनेटची नक्कल) बंद ठेवा, नाहीतर आवाज दोन कॅबिनेटमधून गाळून येतो. थेट पीएमध्ये (रूमच्या मोठ्या स्पीकर सिस्टिममध्ये) जात असाल तर चालूच हवं, नाहीतर मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं ऐकू येईल.

बफरही (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ती सेटिंग) तपासा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूने २.७ मिलिसेकंद, ५१२ ठेवलं तर १०.७. जाऊन-येऊन दुप्पट. मग हात बरोबर असूनही सूर मागे पडल्यासारखे वाटतात.

दादरचा_डिस्टॉर्शन
बफर ५१२ वरच होता! १२८ केला. आता एक चर्रचर्र राहिलीय, लॅपटॉप चार्जिंगला लावला की सुरू होते.

मिड्स_वाढवा
बॅटरीवर गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगला तिसरं भोक असतं, पण मागे वायर असेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तोवर बॅटरीवरच वाजवा.

उलटा_स्ट्रोक
आणि बेंड विसरू नकोस. फ्रीडमनची ओळख वेगापेक्षा तिथे जास्त आहे. बेंडचा शेवटचा सूर आधी फ्रेटवर वाजवून कानात घे, मग तार ओढून त्यालाच गाठ. मनगट वळवून पिक धरायची त्याची ढब उचलायच्या मागे लागू नकोस, ती त्याच्या हाताची आहे.