मराठी शिकवताना आधी पोरांना बोलू द्या, मग पुन्हा ऐकवा. पटतंय का?

तापीकाठ
आमच्या शाळेतली बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात. (भाषा की बोली, तो वाद इथे नको.) अहिराणीत 'तो जास', 'ती जास'. क्रियापद तेच. मराठीत मात्र 'तो जातो', 'ती जाते'. पोरं हे रोज ऐकतात, पण 'ती' कानावर पडलं की अर्थ लागतो, मग शेवटच्या 'ते'कडे बघतंय कोण? स्वतः गोष्ट सांगायची वेळ आली की अडतात. त्यानंतर तीच गोष्ट पुन्हा ऐकवली की 'जाते'ला कान टवकारतात.

कॅनडात भाषा-शिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांना हेच दिसलं होतं. इंग्रजी घरातली मुलं फ्रेंच माध्यमात शिकली, समज जवळपास फ्रेंच मुलांइतकी झाली, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच. १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही.

केळीबाग
नाही पटत. भाषा कशी येते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं उलट आहे: समजेल असं भरपूर ऐकायला-वाचायला मिळालं की भाषा येते. बोलता बोलता अडून सुधारणा होण्याचे प्रसंग फार थोडे, आणि जबरदस्तीने बोलायला लावलं की दडपण. धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या लेकराला पहिल्याच महिन्यात उभं करून 'सांग' म्हणा बरं. ते मान खाली घालेल आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी.

जंक्शनवाला
भुसावळला या भो. रेल्वे कॉलनीत हिंदीभाषक कितीतरी वर्षं मराठी ऐकतात. आणि बोलतातही, हे विसरू नका! तरी 'माझी पुस्तक' आणि 'रस्तेवर' तसंच. कारण भाजीवालीला कळतं, ती पैसे घेते, विषय संपला. म्हणजे तुमचं 'बोलू द्या' इथे रोजच चाललंय, फरक काय पडला?

तापीकाठ
बरोबर पकडलंत. बाजारात काम भागतं, म्हणून कोणी अडत नाही. मी म्हणतोय ते अडण्याबद्दल, आणि अडल्या अडल्या नीट वाक्य कानावर पडण्याबद्दल. शिनिची इझुमी यांचा २००२ चा प्रयोग बघा. इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांना मजकुरातली संबंधी उपवाक्यं ('जो काल आला तो' अशा धर्तीची) ठळक करून दाखवली, तर लक्ष गेलं, पण शिकणं त्याने वाढलं नाही. ज्यांनी तो मजकूर स्वतः पुन्हा रचला, ते पुढे गेले.

केळीबाग
तो मजकूर वाचायचा होता, गुरुजी. डोळा मागे फिरवता येतो, कान नाही. ऐकण्याचं बघायचं तर व्हॅनपॅटन या संशोधकांचा १९९० चा प्रयोग बघा. स्पॅनिश शिकणाऱ्यांना ऐकताना क्रियापदाच्या शेवटावर खूण करायला सांगितली, तर मजकुराचा अर्थ कमी समजला. एखाद्या महत्त्वाच्या शब्दावर खूण करताना तसं झालं नाही.

तापीकाठ
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! पहिल्यांदा गोष्ट ऐकायची ती अर्थासाठी. मग सांगायची. दुसऱ्यांदा ऐकताना अर्थ आधीच माहीत असतो, म्हणून कान 'जाते'साठी मोकळा.

केळीबाग
मग धाग्याला नाव 'आधी बोलू द्या' का दिलंत? तुमच्याही वर्गात आधी ऐकणंच आहे. आणि वर्गापुढे उभं करू नका, शेजारच्या पोराला सांगू द्या. तेवढं कराल तर माझी हरकत निम्मी.

जंक्शनवाला
आणि कॉलनीतल्या मोठ्या माणसांना कोण अडवणार? मी अडवलं तर उद्यापासून माझ्याशी हिंदीतच बोलतील.