मुलगी शिकताना तिला कोणी सांभाळलं? गोव्यातले अनुभव लिहा

आमची आजी गोवामुक्तीच्या आधीची. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, मास्तर मुलग्यांना मराठी शिकवत. ती फुलं वेचायच्या निमित्ताने बाहेर रेंगाळायची आणि बाराखडी ऐकायची. अर्ध्यावर आली आणि लग्न झालं. 1961 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा आत्या अकरा वर्षांची होती. सहा-सहा वर्षांच्या पोरांत पहिलीला बसली. रात्री तिच्याच पाटीवर आजीने राहिलेली बाराखडी पुरी केली.

आता शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. तरी मुलगी मध्येच का थांबते? आणि जी थांबली नाही, तिच्यासाठी कोणी नेमकं काय केलं? ते लिहा. 'सर्वांचं सहकार्य लाभलं' हे वाक्य निरोप समारंभासाठी राखून ठेवा.

सत्तरीची

माझ्यासाठी प्रश्न बसचा होता. दहावीपर्यंत चालत जायचे, अकरावीला वाळपई. सकाळची कदंबची बस सव्वासहाला. संध्याकाळची फाट्यावर सोडायची, तिथून पाऊण तास काजूंमधून वाट. पावसात साडेसहालाच काळोख. महिन्याभरात बाबा म्हणाले, पुरे. त्यांना तरी काय बोलणार? रानात गवा असतो, आणि गव्यापेक्षा माणसाची धास्ती जास्त.

आमच्या वाड्यावर पौषात धालो होतात, बायकांची रात्रीची नाच-गाणी. मांडावर सगळ्यांत पुढे असायची ती शेजारची वयनी घरी आली आणि बाबांना म्हणाली, "धालोंक आमी रातीचीं भायर सरतांव न्हय? मागीर बायेखातीर सरूंक कितें जालें?" बाबांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रोज एका घरची बाई बॅटरी आणि कोयता घेऊन फाट्यावर उभी. बस चुकली तरी ती तिथेच, घरचं जेवण खोळंबलेलं. एकदा उशीर झाला म्हणून मी माफी मागितली तर म्हणाली, "गप गो, मला तेवढंच बसायला मिळतं."

परीक्षा आणि काजूचा हंगाम नेमके एकत्र येतात. सकाळी बोंडं वेचायची, बिया वेगळ्या करायच्या, बोंडं भट्टीवर पाठवायची. घरात हात कमी पडला की पहिला मुलीचा हात धरतात. बारावीच्या त्या दिवसांत माझी टोपली दोघी जणी भरायच्या. तरी पेपरच्या आदल्या सकाळी मी गेलेच होते. काजूचा चीक धुवून जात नाही, त्यामुळे इकॉनॉमिक्सच्या पेपराला माझ्या युनिफॉर्मचं कोपर काळं होतं.

आज वाळपईलाच नोकरी करते, स्कूटरने येते-जाते. पण आठवडा अजून घरांवरून मोजते. सोमवार वयनीचा, मंगळवार खालच्या घरातल्या आजीचा, गुरुवार सुईणीच्या सुनेचा.

कडधान्य

गोवा सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेचे 1 लाख माझ्या नावावर आले आणि मांडव-जेवणावळीत गेले. शिकायला वापर असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही. एवढंच लिहायचं होतं.

धाकटा भाऊ

पुरुषांनी लिहायचं का ते विचारत बसत नाही. आम्ही डिचोलीचे, बाबा खाणीवर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ताई नुकतीच बारावी झालेली, मी दहावीत. तिला शिक्षण सोड असं कोणीच सांगितलं नाही. एक दिवस ती सरळ कापडाच्या दुकानात कामाला लागली आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझा डिप्लोमा त्या पगारावर झाला.

गेल्या वर्षी तिने मुक्त विद्यापीठात बीएचा फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडली. दहावी-बारावीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. आडनाव नव्हे, सगळंच. आमच्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. मग दोन्ही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला गेलो. नोटरीच्या टेबलावर सही करता करता ताई जुन्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ही पयली हुशार आसली रे."

शनिवारी तिची मुलं माझ्याकडे असतात. उशीर झालाय, माहीत आहे.

भाजी-पाव

आमचा दहा जणींचा बचत गट शाळांना माध्यान्ह आहार देतो. पहाटे चारला चूल. बिलं अडकली की वाण्याची उधारी वाढते, त्याबद्दल बोलायचं तर वेगळा धागा लागेल. गटाच्या कर्जातून माझी मुलगी नर्सिंगला गेली. तारण काय ठेवलं? काही नाही, पोर सगळ्यांसमोर वाढली होती. तिनेच आम्हाला बैठकीच्या वहीत सही करायला शिकवलं, त्याआधी चार अंगठे असायचे.

काणकोण

माझी पणजी देवळाच्या सेवेतली, शेंस लागलेली, म्हणजे विधी करून देवाला वाहिलेली. हे वाक्य कुठेही लिहिताना हात अडतो, आजही. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी ती प्रथा मोडायला आयुष्य घातलं, आणि आमच्या समाजाने मुलींच्या शाळेचा हट्ट धरला. 1973 साली शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. आई सांगते, ती बातमी ऐकून आजीने रेडिओ बंद केला, पेढे नाहीत की काही नाही, आणि आईला म्हणाली, "अभ्यासाक बस."

चष्मा

थोडं विषयांतर. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला मुलग्याएवढा वाटा आहे. कागदावर. घरात काय होतं ते माहेरवाशिणींना विचारा: चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गेलं की पातोळ्यांमागून हक्क सोडल्याचा कागद येतो, "सही कर गो बाय." आमच्या महिला मंडळात एक वकीलबाई अधूनमधून यायच्या. त्यांचं सगळं आईला कळायचं असं नाही, आई पाचवी शिकलेली. पण 'वाचल्याशिवाय सही नाही' एवढं तिने घट्ट धरलं.

मामाने पेन पुढे केलं. आई म्हणाली, चष्मा घरी राहिला. मामाने स्वतःचा दिला. तिने लावला, काढला, नंबर जुळत नाही म्हणाली आणि कागद पिशवीत घातला, पातोळ्यांच्या डब्याखाली. "वाचून धाडटां."

याला सहा वर्षं झाली. वाचून कधीच झालंय. मामाकडून दर चवथीला नेवऱ्या येतात, आई डबा रिकामा परत पाठवत नाही, पण कागद त्यात नसतो.

धाकटा भाऊ

सत्तरीच्या ताई, बुधवार कोणाचा होता? तुम्ही गाळलात.

सत्तरीची

बुधवारी बस नेहमी उशिरा यायची. म्हणून त्या दिवशी दोघी असायच्या, भांडणाऱ्या जावा. अख्खं गाव सांगतं, एरवी एकमेकींशी बोलत नव्हत्या.